समोरच्या बाकाची जोडी

पुलावर चढता चढता विल्फ्रेड गारसाइडच्या लक्षात आलं की आपले हात वाढलेत. टोपी धरायला त्यानं हात वर केला आणि बाहीतून मनगट जे बाहेर आलं ते येतच राहिलं, पार कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत. एकसष्टाव्या वर्षी माणसाचं काय काय वाढतं. पोट सुटतं, पाय सुजतात, कानात केस उगवतात. पण हात वाढल्याचं त्यानं अजून कुणाकडून ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरचा वारा नदीवरून उठून सरळ बाहीत शिरला. दुपारचे साडेतीन वाजत होते, उजेड आत्ताच पाणचट झाला होता, आणि पुलाच्या मधोमध उभा राहून हा मनुष्य, ज्यानं वीस वर्षं अर्ध्या इंग्लंडला संध्याकाळी काय बघायचं ते ठरवून दिलं होतं, तो स्वतःच्या हातांकडे दुसऱ्याची मुलं बघावीत तसा बघत राहिला. मग त्यानं ते लपवावेत म्हणून खिशात घातले. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, लोकरीच्या तुसात लडबडलेल्या. तो पेपरमिंट खात नसे. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. हात होते तेवढेच होते, कोट गेथिनचा होता.

चूक होण्यासारखीच होती. संसदेच्या सभागृहाच्या कोटखोलीत प्रत्येक सभासदाला एक खुंटी असते, आणि प्रत्येक खुंटीला गुलाबी फितीचा एक फास, तलवार अडकवायला. तलवारी कधीच गेल्या, पण फीत मळली की अजून नवी बांधतात. लोक त्यात छत्री अडकवतात. एका स्कॉटिश सभासदानं म्हणे त्यात एकदा अख्खा सामन मासा टांगला होता आणि विसरून सुट्टीवर गेला, तर त्या आठवड्यात चर्चा भराभर आटपल्या आणि तीन विधेयकं बिनविरोध पास झाली. खुंट्या आडनावाच्या अक्षरांप्रमाणे असतात, तिथं पक्ष चालत नाही. त्यामुळे हुजूर पक्षाचा गारसाइड आणि मजूर पक्षाचा ईवोर गेथिन शेजारी शेजारी लागले, आणि दोघांचेही कोट राखाडी. गेथिनला अकरा दिवसांपूर्वी चहाच्या खोलीतून उचलून नेलं तेव्हा छातीवर हात दाबलेल्या माणसाला कोट घाला असं कुणी म्हणालं नाही. कोट तिथंच राहिला. रोज सकाळी विल्फ्रेड आपला कोट त्याच्या शेजारी टांगायचा आणि त्याच्या बाहीला उगाच बोट लावायचा, कुत्र्याला लावावं तसं. आज मन ठिकाणावर नव्हतं, तो हातात आला तो कोट घालून निघाला. आणि गंमत पाहा, निघाला होता गेथिनकडेच.

मागे फिरावं असं त्याच्या मनात आलं. दहा मिनिटांचं काम. पण बोटांना पेपरमिंटच्या खाली एक कागद लागला, चार घड्यांचा, कोपरे मऊ पडलेला. दुसऱ्याच्या खिशातला कागद उघडू नये हे त्याला कळत होतं. पण टीव्हीत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसऱ्याचा कागद म्हणजे काय ते कळतं कुठं? त्यानं उघडला. काळी चौकट, यॉर्कशरमधल्या त्याच्याच गावच्या देवळाचं नाव, तीन प्रार्थनागीतांचे आकडे, आणि मधोमध हेस्टर मॉड गारसाइड. त्याची बायको. चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत देवळाच्या दारात वाटलेला कागद. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या पक्षाचे दोघे आले होते, दोघंही गाड्या चालू ठेवून. आणि समोरच्या पक्षाचा गेथिन तीन गाड्या बदलून, भिजून, शेवटच्या बाकावर येऊन बसला होता आणि दुसऱ्या गीताला त्या पाच फुटी माणसाच्या छातीतून असा खर्ज निघाला की पुढच्या रांगेतल्या विल्फ्रेडला वाटलं, बाकाखालची जमीनच गाते आहे. तो आवाज आठवून तो कधी कधी अजून झोपी जात असे. आता त्या दिवसाचा कागद या खिशात का? जपून ठेवला म्हणावं, तर गेथिनला खिसे साफ करायची सवय नाही हेही तितकंच खरं. दोन्हींतलं काय ते विल्फ्रेडला ठरवता येईना. त्यानं कागद होता त्याच घड्यांवर मिटला, परत ठेवला, आणि परत न फिरता पुढे चालू लागला, मनगटं उघडी टाकून.

आणि हे असं व्हावं तेही आजच. कारण तो गेथिनकडे आजारी माणसाला भेटायला चालला नव्हता, मागायला चालला होता. संध्याकाळी सातला मतदान होतं. सभागृहात कॅमेरा येऊ द्यावा की नाही, एवढा एकच प्रश्न. रेडिओवरून आवाज जाऊ लागून बरीच वर्षं झाली होती. लोकांना सभासदांचं खाकरणं, हुर्यो, बाक वाजवणं सगळं घरी ऐकू येत होतं, चेहरा तेवढा दिसत नव्हता. विल्फ्रेड टीव्हीच्या मोठ्या खुर्चीतून उठून, अर्ध्या पगारावर, कुणीही हसावं अशा वयात निवडणुकीला उभा राहिला तो या एका गोष्टीसाठी. नऊ वर्षं त्यानं याच एका ठरावामागं घालवली. लोकरीच्या गिरण्यांच्या त्याच्या गावात लोक दारावर विचारत, कारखान्याचं काय, बसचं काय, आणि तो त्यांना त्याचंही उत्तर देई, पण रात्री स्वप्नात त्याला दिसायचा तो सभागृहाच्या छताशी टांगलेला एक मुका कॅमेरा. सकाळी ठरावाच्या बाजूची मतं मोजणारा हॅमरटन त्याला कोपऱ्यात घेऊन गेला होता. हॅमरटन म्हणजे सुजलेल्या गुडघ्याचा, तांबड्या नाकाचा मनुष्य; पण कोण कुठं मत देणार हे त्याला त्या माणसाच्या बायकोआधी कळतं अशी त्याची ख्याती. तो म्हणाला, काट्यावर आहे. एका मताचा खेळ. बरोबरी झाली तर सभापती जुनं ते जुनंच ठेवतात, म्हणजे आपण गेलो. तुम्ही तेवढे मोकळे झालात तर जमतंय. मग आवाज उतरवून म्हणाला, म्हातारा आजारी आहे ना, जाऊन विचारा, तो काही तुम्हाला नाही म्हणायचा नाही.

तो नाही म्हणणार नाही, हीच तर भीती होती. नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शेजारच्या खुंटीवरून त्या बुटक्या माणसानं मान वर करून विचारलं होतं, लग्न झालंय का? विल्फ्रेड म्हणाला, झालंय, वीस वर्षं. तर म्हणाला, ते नव्हे हो, इथलं. इथं दोन बाजूंच्या दोघांची जोडी लागते. एकाला यायला जमलं नाही तर दुसऱ्यानंही मत द्यायचं नाही. त्याचं एक गेलं, याचं एक गेलं, हिशेब होता तिथंच. लेखी काही नसतं. तोंडाचा शब्द. तो मोडला तर शिक्षाही नाही, फक्त त्या इमारतीत पुढे तुमच्याशेजारी चहा प्यायला कुणी बसत नाही, मरेपर्यंत. या नऊ वर्षांत विल्फ्रेडच्या दाढेसाठी गेथिन घरी राहिला, गेथिनच्या बहिणीच्या मोतीबिंदूसाठी विल्फ्रेड घरी राहिला. हेस्टरच्या शेवटच्या सहा आठवड्यांत सरकार तीनदा पडता पडता वाचलं आणि तिन्ही वेळा गेथिन आपल्याच पक्षाच्या शिव्या खात चहाच्या खोलीत मनुकांचा पाव खात बसून राहिला, जागचा हलला नाही. आता गेथिन पडला होता. गेथिन असता तर त्यानं कॅमेऱ्याच्या विरुद्धच मत दिलं असतं. गेथिनच्या वेल्समधला प्रत्येक दगडसुद्धा हे जाणून होता. म्हणून विल्फ्रेडनंही आज सातला हात बांधून बसायचं. ज्या एका संध्याकाळसाठी तो नऊ वर्षं बसला त्या संध्याकाळी.

हॉस्पिटलच्या जिन्यावर पेपरमिंटचा वास आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळले. कसं विचारायचं याची तो मनात तालीम करत होता. पहिली तालीम फार रडकी झाली. दुसरी फार मोकळीढाकळी, जणू वाटेत सहज आठवलं. तिसरीला त्याची त्यालाच लाज वाटली, आणि लाज वाटताच ते दार आठवलं. ते दार त्याला दर दोन-चार दिवसांनी आठवायचंच, हिरवं, खाली पावसानं फुगलेलं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, वेल्समधल्या एका खाणीच्या गावात कॅमेरा घेऊन गेला होता. खाणीत पाणी शिरलं होतं आणि सात माणसं खाली राहिली होती. खाणीचा एक मनुष्य हातात टोपी घेऊन एका दारावर गेला, बाईनं दार उघडलं, तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं. त्या माणसानं सांगितलं. तिनं ऐकलं. आणि कॅमेरावाल्यानं मागून विल्फ्रेडचा खांदा दाबला, रीळ संपलं होतं, त्यातलं काहीच आलं नव्हतं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या हुशार पोरानं पुढे होऊन फार अदबीनं म्हटलं होतं, बाई, माफ करा, एकदा परत कराल का? ती आत गेली. नवं रीळ चढवीपर्यंत तिनं हात धुतले होते. म्हणून त्यानं तेही सांगितलं. तिनं मुकाट्यानं हात परत पिठात घातले, दार लावलं, आणि टकटक झाल्यावर परत उघडलं. तेच पन्नास लाख लोकांनी पाहिलं, बायकांनी स्वयंपाक सोडून पाहिलं, आणि सहा महिन्यांत त्याला पहिली स्वतःची खोली मिळाली, दारावर नाव असलेली. पुढं सगळं आयुष्य त्यानं 'एकदा परत' म्हणण्यात घालवलं. मंत्र्यांना म्हटलं, धर्मगुरूंना म्हटलं, घोड्यांना म्हटलं. घरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या हेस्टरला दोनदा विझवायला लावल्या, तेव्हा तिनं हातातली सुरी खाली ठेवून विचारलं होतं, विल्फ, तुझ्या लेखी काही पहिल्यांदा घडतं का रे कधी? 

गेथिनच्या खोलीबाहेर त्याची बहीण ओल्वेन बसली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ, डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास. भावाचं घर तिनं सांभाळलं आणि भावानं लग्न केलं नाही, की भावानं लग्न केलं नाही म्हणून तिनं सांभाळलं, हे त्यांच्या दरीत अजून कुणाला सांगता आलेलं नाही. तिनं विल्फ्रेडच्या मनगटांकडे पाहिलं, मग कोटाकडे. इतकंच म्हणाली, डॉक्टर म्हणतात हृदय जुन्या घड्याळासारखं झालंय, चालतंय तोवर हात लावू नका. आणि मिस्टर गारसाइड, तुम्ही त्याला दमवायला आला असाल तर इथूनच परत जा.

आत गेथिन उशांवर टेकून बसला होता. अकरा दिवसांत तो आणखी लहान झाला होता; पलंगावर माणूस कमी आणि भुवया जास्त दिसत होत्या. त्यानं एक डोळा उघडला, दुसरा उघडायचे कष्ट घेतले नाहीत.

"वा रे टीव्हीवाल्या," तो म्हणाला. "माझा कोट घालून माझंच मत मागायला आलास होय?"

विल्फ्रेडनं मान हलवून नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग खुर्चीवर बसला आणि गुडघ्यांवर ठेवलेले ते लांबच लांब हात त्याला कुठं ठेवावेत कळेना. त्यानं तिन्ही तालमी केल्या होत्या त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. त्याऐवजी त्याच्या तोंडून दार निघालं. हे त्यानं हेस्टरशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आता या माणसाला, ज्याच्या घरापासून ती खाण तीन दऱ्या पलीकडे होती, ज्याच्या मावसभावांची नावं खाणीत मेलेल्यांच्या दगडांवर कोरलेली होती, त्याला तो पीठ, टोपी, रीळ, सगळं सांगत सुटला. सांगताना त्याचा आवाज कापला नाही, तो नुसता बारीक बारीक होत गेला. आणि शेवटी म्हणाला की म्हणूनच हा ठराव. तिथं कॅमेरा टांगलेला असेल, कुणाच्या हातात नसेल. तिथं कुणीही उभं राहून 'एकदा परत' म्हणू शकणार नाही. जे पहिल्यांदा होईल तेच जाईल. अशी एक तरी जागा देशात असावी, असं मला वाटतं, ईवोर.

 बाहेर कुणीतरी चाकाची गाडी ढकलत गेलं, भांडी वाजली.

"पहिल्यांदा ती रडली होती?" गेथिननं विचारलं.

"नाही."

"मग काय केलं?"

"म्हणाली, पाव भट्टीत आहे. एवढंच."

"आणि तुम्ही लोकांना दाखवलंत त्यात?"

"त्यात रडली."

गेथिननं डोळे मिटले. विल्फ्रेडला वाटलं, आता हा मला जा म्हणेल, आणि जा म्हटलं तर बरंच होईल. पण गेथिन नुसता म्हणाला की पहिलं तेवढं तुझ्याकडेच राहिलंय, दुसऱ्या कुणाकडे नाही, तेव्हा ते नीट सांभाळ. आणि मग, जरा दम घेऊन, नेहमीच्या खोडसाळ सुरात, की म्हणूनच मी कॅमेऱ्याच्या विरुद्ध आहे. तू म्हणतोस कुणी 'परत' म्हणणार नाही. अरे म्हणायला कशाला हवं? आमचे लोक घरूनच हात पिठात घालून येतील.

यावर विल्फ्रेडकडे उत्तर होतं, नऊ वर्षांची उत्तरं होती, आकडे होते, तीन देशांचे दाखले होते. त्यानं एकही काढलं नाही. तो उठला, आणि उठताना त्याला एकदम हलकं वाटलं, कारण त्यानं मागितलं नव्हतं आणि आता तो मागणारही नव्हता. म्हणाला, तुझं टपाल आणायचं राहिलं, उद्या आणतो. दारापर्यंत गेला तेव्हा गेथिन मागून म्हणाला, थांब. मत काही पेपरमिंट नव्हे, ते मला तुला देता यायचं नाही. मी नाही म्हणणार तो नाहीच म्हणणार. पण तू ज्यासाठी आलास त्याच दिवशी तुला बाहेर बसवून ठेवायचं हेही बरं दिसत नाही. तेव्हा असं करू. मी येतो.

विल्फ्रेडला आधी समजेना. मग समजलं. जोडी मोडायची एकच स्वच्छ रीत होती: दोघांनीही हजर राहायचं. म्हातारा जाऊन आपलं 'नाही' देणार, विल्फ्रेड आपलं 'हो' देणार, वजाबाकी होती तीच राहणार. पण उद्याच्या छापील यादीत, हो म्हणणाऱ्यांत, गारसाइड हे नाव लागणार. नऊ वर्षांचं एवढंच, एका ओळीतलं. "तुझा काही फायदा नाही," गेथिन म्हणाला, "माझाही नाही. पण आपण काही फायद्यासाठी जोडी जमवली नव्हती."

मग जे झालं त्याच्या सात-आठ तऱ्हा आजही त्या इमारतीत सांगतात. कुणी म्हणतं डॉक्टरला खोलीत कोंडलं, कुणी म्हणतं गेथिननं पलंगासकट यायची तयारी केली. खरी गोष्ट इतकीच की डॉक्टर नाही म्हणाला, ओल्वेन त्याहून मोठ्यानं नाही म्हणाली, आणि गेथिननं दोघांना विचारलं की मरायला बसूनच राहायचं असेल तर इथं बसू की तिथं? ओल्वेन खिडकीपाशी गेली. तिच्या पाठीकडे बघून विल्फ्रेडला वाटलं, ती आता वळेल आणि मला कायमचं घालवून देईल. ती वळली आणि म्हणाली, मोजे दोन जोड घाल, आणि मिस्टर गारसाइड, त्याचा कोट त्याला द्या. आजारी सभासदाला रुग्णगाडीतून अंगणात आणायची रीत जुनीच आहे. त्याला गाडीतून उतरावंही लागत नाही. सभागृहाच्या कुंपणाच्या आत आला, शुद्धीवर आहे, आणि कुठल्या बाजूनं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाला, की त्याचं मत धरतात. मात्र शुद्धीवर आहे हे विरुद्ध बाजूच्या माणसानं बघायचं. आपल्या माणसाला आपले लोक मेल्यावर तिसऱ्या दिवशीसुद्धा जिवंत ठरवतील, हे त्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

पावणेसातला गाडी पुलावरून निघाली. विल्फ्रेड अंगात नुसत्या जाकिटानं कुडकुडत आडव्या बाकावर बसला, समोर ओल्वेन, मध्ये गेथिन, गळ्यापर्यंत गुंडाळलेला. त्यानं वाटभर एकच गोष्ट सांगितली, त्याच्या दरीतल्या एका पाद्र्याची, ज्याची बकरी प्रवचनाला रडायची म्हणून लोक लांबून येत. ती मेली तेव्हा देऊळ ओस पडलं आणि पाद्री बिचारा बकरीसाठी इतका रडला की लोक परत येऊ लागले. सांगून झाल्यावर स्वतःच हसला, खोकला, आणि ओल्वेननं त्याच्या छातीवर हात ठेवला. खिडकीच्या दुधी काचेवरून दिव्यांचे डाग सरकत होते. विल्फ्रेडला वाटलं, पोचूच नये. असंच या पुलावरून जात राहावं, दोन्ही बाजूंना नदी, आणि पलीकडे काही ठरवायचं नसावं.

अंगणात गाडी थांबली आणि मतदानाची घंटा सुरू झाली. विल्फ्रेड धावला. आठ मिनिटं असतात; तो जिना चढला, हो म्हणणाऱ्यांच्या वाटेनं गेला, टेबलापाशी आपलं नाव सांगितलं. कारकुनानं नावापुढं रेघ मारली. किती लहान रेघ. नऊ वर्षं आणि ती रेघ, यांच्यात काही नातं आहे असं त्याला वाटेना. बाहेर हॅमरटन भिंतीला टेकून गुडघा चोळत उभा होता, ओठ हलवत मोजत. म्हणाला, तुमचा म्हातारा आणलात, कमाल आहे तुमची, धोंडा आपल्याच पायावर कसा मारून घ्यावा हे तुमच्याकडून शिकावं. जा आता, आपल्या बाजूनं तुम्हीच बघून या, मला हा जिना उतरवत नाही. आणि मग, डोळा न मारता पण मारल्यासारखं करून, म्हणाला की नीट बघा बरं का. झोपलेला माणूस शुद्धीवर धरत नाहीत.

रुग्णगाडीच्या आत पिवळा दिवा होता. गेथिनची मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, भुवया तेवढ्या जाग्या. ओल्वेन हळूच म्हणाली, आत्ताच लागला डोळा. पुलापासून थकला होता. विल्फ्रेड वाकला. श्वास चालू होता, लांब लांब, मधे थांबत. "ईवोर," त्यानं हाक मारली. काही नाही. जरा मोठ्यानं मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला डॉक्टरचं ते घड्याळ आठवलं. चालतंय तोवर हात लावू नका. "उठवू का?" ओल्वेननं विचारलं, आणि तिच्या आवाजात अशी काही विनवणी होती की ती उठवायला तयार आहे असं मुळीच वाटेना. बाहेर घंटा थांबली. म्हणजे दोन मिनिटं उरली. विल्फ्रेडनं त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं बोलायचं तर फार सोपं होतं. झोपलाय, एवढंच म्हणायचं. ते खरंच होतं. त्याच्या जन्माचं सार्थक त्या एका खऱ्या शब्दात होतं आणि त्यासाठी त्याला कुणी दोष दिला नसता, गेथिननंसुद्धा नाही. गेथिननं तर नक्कीच नाही.

तो खाली उतरला. हॅमरटन शेवटी जिना उतरून अर्ध्यात आला होता, कठडा धरून.

"काय? शुद्धीवर आहे?"

"आहे."

"बोलला?"

"नाही म्हणाला."

"नाही बोलला?"

"बोलला. 'नाही' म्हणाला. त्याचं मत नाहीच्या बाजूला लिहा."

हॅमरटननं त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसं मोजण्यात गेलेला तो मनुष्य. त्याला काय दिसलं नसेल? पण विल्फ्रेडच्या चेहऱ्यावर त्यानं इतकी शांतता कधी पाहिली नव्हती, आणि शांत माणसाला दुसऱ्यांदा विचारायची तिथं पद्धत नाही. तो वळला आणि एकेक पायरी चढत वर गेला.

विल्फ्रेड निकाल ऐकायला वर गेला नाही. अंगणात उभं राहूनच त्याला तो कळला; आधी सगळं चिडीचूप झालं, मग एक मोठा गलका उठला, त्यात अर्धा आनंद आणि अर्धा संताप, आणि मग एक चपराशी पळत जाताना दुसऱ्याला म्हणाला की बरोबरी, बरोबरी, सभापतींनी जुनंच ठेवलं. वरच्या खिडक्यांमधून पिवळा उजेड फरसबंदीवर पडला होता. त्यात उभं राहून तो वाट बघत होता, आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून. बराच वेळ झाला तरी वाटेना. फक्त थंडी वाजत होती, आणि पोटात भूक लागली होती, लहानपणी गिरणीच्या भोंग्याला लागायची तशी. या अंगणात एकही कॅमेरा नव्हता, आणि आता यायचाही नव्हता. तो रुग्णगाडीत चढला आणि दार ओढून घेतलं.

गेथिन जागा झाला होता. ओल्वेन त्याला थर्मासच्या झाकणातून चहा पाजत होती आणि विल्फ्रेडकडे बघत नव्हती.

"झालं मतदान?" गेथिननं विचारलं.

"झालं."

"आणि माझं?"

"दिलंस की. तुम्ही जिंकलात."

"किती मतांनी?"

विल्फ्रेडनं सांगितलं. गेथिन चहाचा घोट तोंडात धरून राहिला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ओल्वेननं थर्मासचं बूच नको तितकं घट्ट लावलं आणि ती दुधी काचेतून, जिच्यातून काहीच दिसत नाही, बाहेर बघू लागली. गाडी सुरू झाली, अंगणातून वळली, आणि चाकांखालचे दगड संपून डांबर लागलं.

"मी काय म्हणालो नेमकं?"

"नाही म्हणालास."

"एवढंच?"

"एवढंच."

"हं," गेथिन म्हणाला. "मी जागा असतो तर दोन शब्द जास्त बोललो असतो."

विल्फ्रेडनं तोंड उघडलं, पण गेथिननं पांघरुणातून हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला. हात गार होता, हलका, आणि त्यात काही मागणं नव्हतं. थोड्या वेळानं त्याची मान परत कलली. ओल्वेननं बोट ओठांवर ठेवलं. आपलं मनगट हललं तर हा उठेल म्हणून विल्फ्रेड पूल संपेपर्यंत, आणि पूल संपल्यावर हॉस्पिटलच्या दारापर्यंत, होता तसाच बसून राहिला.